मेक्सिकन ब्रंच: ताटातली 'फोडणीची पोळी' आणि टॉर्टियातला चुना

रविवार, सकाळचे अकरा. शिकागोतली पिल्सेन नावाची वस्ती, तिथला १८वा रस्ता. चर्चमधून थेट आलेलं एखादं मेक्सिकन कुटुंब आजीसकट मोठ्या टेबलाभोवती बसलेलं असतं. समोर वाफाळता रस्सा, लिंबाच्या फोडी आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम टॉर्टिया. शेजारच्या टेबलावर पंचविशीतली चार मुलं असतात. त्यांच्या हातात मिमोसाचे ग्लास, आणि ताट आलं की आधी फोन जेवतो.

दोन्ही टेबलं एकाच हॉटेलात, एकाच वेळी, जवळपास तेच खातायत. एक टेबल त्याला 'अल्मुएर्सो' म्हणतं, दुसरं 'ब्रंच'.

इन्स्टावर हे ताट तुम्ही पाहिलंच असेल. लाल-हिरव्या रश्शात भिजलेले कुरकुरीत तुकडे, वर अर्धवट शिजलेलं अंडं, पांढऱ्या क्रीमच्या रेघा, कोथिंबीर. खाली कमेंट असते, 'हे नाचोज आहेत का?' नाहीत. मग हे नेमकं आहे काय, रविवारीच का खातात, आणि त्यातल्या साध्या मक्याच्या पोळीमागे माणसं आजारी पडण्याची आणि बरी होण्याची केवढी मोठी गोष्ट आहे, ते बघूया.

ब्रंच इंग्रजांचा, मग मेक्सिकन लोक काय खात होते?

'ब्रंच' हा शब्द ब्रिटिश आहे. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ मध्ये 'हंटर्स वीकली'त एक लेख लिहिला. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी लवकर उठवून नाश्ता आणि लगेच जड जेवण कशाला, दोन्ही मिळून दुपारच्या सुमाराला एकच खाणं ठेवा, अशी त्याची मागणी होती. पुढे अमेरिकेने ही कल्पना उचलली आणि त्यात दारू घातली.

मेक्सिकोत या वेळेचं खाणं आधीपासूनच होतं, फक्त त्याला फॅन्सी नाव नव्हतं. तिथला पारंपरिक दिवस साधारण असा चालतो. पहाटे उठल्यावर 'देसायुनो', म्हणजे कॉफी किंवा आतोले आणि एखादा गोड पाव. मग दहा ते बाराच्या मधे 'अल्मुएर्सो', पोटभर आणि गरम. मुख्य जेवण 'कोमिदा' दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्री हलकंसं काहीतरी. पहाटे चहा-बटर खाऊन रानात गेलेला आपल्याकडचा शेतकरी दहा-अकराला न्याहारीची भाकरी सोडतो, तेच हे. (स्पेनमध्ये मात्र 'अल्मुएर्सो' बहुतेक ठिकाणी दुपारच्या जेवणाला म्हणतात. मेक्सिकोतही प्रांतागणिक अर्थ थोडा सरकतो. त्यामुळे स्पॅनिशच्या क्लासमध्ये शिकलेला अर्थ हॉटेलात चालेलच असं नाही.)

म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन हॉटेलांनी ब्रंचसाठी नवा मेन्यू शोधला नाही. घरातल्या अल्मुएर्सोवर इंग्रजी पाटी लावली. गंमत अशी की आता मेक्सिको सिटीतल्या रोमा आणि कोंदेसासारख्या उच्चभ्रू भागांत हीच इंग्रजी पाटी परत आली आहे.

चिलाकिलेस: शिळ्यातून शिजलेला हिरो

या ताटाचं नाव चिलाकिलेस. कृती ऐकली की कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

काल उरलेल्या मक्याच्या टॉर्टिया घ्यायच्या. त्यांचे त्रिकोणी तुकडे करून तळायचे किंवा तव्यावर कडक करायचे. दुसरीकडे साल्सा उकळायचा. लाल हवा असेल तर टोमॅटो आणि सुक्या मिरच्या. हिरवा हवा असेल तर तोमातियो (कागदी आवरणात वाढणारं, आंबटसर, छोट्या हिरव्या टोमॅटोसारखं दिसणारं फळ) आणि हिरव्या मिरच्या. तुकडे त्या गरम साल्सात टाकून परतायचे आणि लगेच ताटात घ्यायचे. वर कच्चा कांदा, केसो फ्रेस्को हे भुसभुशीत पांढरं चीज, आंबूस क्रेमा, आणि अंडं किंवा उकडून सोललेलं चिकन. बाजूला घोटलेल्या घेवड्याची उसळ.

आपली फोडणीची पोळी काय वेगळी आहे? कुणी तिला कुस्करा म्हणतं, कुणी कुटके. काल जास्त झालेल्या पोळ्या सकाळी कांदा-मिरचीच्या फोडणीत पडतात. दोन्हीमागे एकच हिशेब आहे: धान्य वाया घालवायचं नाही आणि शिळ्याला शिळ्याची चव येऊ द्यायची नाही. तांत्रिक कारणही सारखंच. ताज्या पोळीत ओलावा असतो, ती रश्शात लगद्यासारखी होते. एक दिवस सुकलेली पोळी बाहेरून रस पिते आणि आतून थोडी टणक राहते. म्हणून चांगलं हॉटेल चिलाकिलेससाठी मुद्दाम टॉर्टिया शिळ्या करतं. पाकिटातले चिप्स ओतून वर साल्सा टाकणारं हॉटेल पहिल्या घासालाच ओळखू येतं.

किती मऊ आणि किती कुरकुरीत, यावर मेक्सिकन घरांत वाद होतात. साबुदाण्याची खिचडी मोकळी हवी की चिकट, यावर आपल्याकडे होतात तसेच. एक बाजू म्हणते तुकडे साल्सात मुरायला हवेत, दुसरी म्हणते पाच मिनिटांत खाऊन संपवा. माझं मत दुसऱ्या बाजूला, कारण फोटो काढेपर्यंत ते तसेही मुरतातच.

हे नाव नावात्ल भाषेतलं मानलं जातं. अझ्टेक लोकांची ही भाषा आजही मेक्सिकोत दहा लाखांहून जास्त लोक बोलतात. आणि मराठी माणूसही तिचे शब्द रोज वापरतो. टोमॅटो मूळचा 'तोमात्ल'. चिली तर सरळ 'चिल्ली'. चिकूचंही तसंच. त्या झाडाच्या चिकाला नावात्लमध्ये 'त्सिक्त्ली' म्हणत, त्याचं स्पॅनिशमध्ये 'चिक्ले' झालं (च्युइंगगम आधी यापासूनच बनायचं) आणि समुद्र ओलांडून ते घोलवडच्या बागांपर्यंत आलं. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, आणि मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत असल्याची नोंद आहे. थोडक्यात, मिसळीचा तिखटपणा मुळात चिलाकिलेसच्याच गावचा.

अमेरिकेतही हा पदार्थ काल-परवा आलेला नाही. एन्कार्नासिओन पिनेदो या कॅलिफोर्नियातल्या लेखिकेने १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्पॅनिशमधून प्रसिद्ध केलेल्या पाककृतींच्या पुस्तकात चिलाकिलेस आहेत.

अंड्यांचं खातं

मेन्यूवर 'वेवोस' दिसलं की समजायचं अंडी. वेवोस रांचेरोस म्हणजे शेतावरची अंडी: हलक्या तळलेल्या टॉर्टियावर दोन हाफ फ्राय आणि वर टोमॅटो-मिरचीचा शिजवलेला साल्सा. वेवोस दिवोर्सियादोस म्हणजे चक्क 'घटस्फोटित अंडी'. एका अंड्यावर लाल साल्सा, दुसऱ्यावर हिरवा आणि मधे काहीतरी आडवं घातलेलं, बऱ्याचदा घेवडा. कुठला साल्सा घ्यावा हे ठरत नसेल तर हेच मागवा. युकातान प्रांतातल्या मोतुल गावच्या वेवोस मोतुलेन्योसवर मटार, हॅम आणि तळलेली गोड केळी असतात. ऐकायला विचित्र, खायला झकास. उत्तरेकडे माचाका, म्हणजे सुकवून कुटलेलं गोमांस, अंड्यात परततात. टेक्सासमध्ये, विशेषतः ऑस्टिनला, 'मिगास' मिळेल. त्यात टॉर्टियाचे तुकडे अंड्याच्या बुर्जीतच जातात.

रविवारच का?

कारण काही पदार्थ एका माणसासाठी, एका तासात होतच नाहीत.

मेनुदो घ्या. हा गाईच्या वजडीचा रस्सा. वजडी साफ करायची, लाल मिरचीच्या वाटणात कित्येक तास शिजवायची, बऱ्याच ठिकाणी त्यात मक्याचे फुललेले दाणे घालायचे. खाताना वरून ओरेगानो, कांदा, लिंबू. आदल्या रात्री जास्त झालेल्यांसाठी हा उतारा मानला जातो, म्हणजे बेरिंजरसाहेबांचा मुद्दा इथे इंग्रजी न शिकताच अमलात आलेला आहे. शनिवारी रात्री भांडं चढतं, रविवारी सकाळी उतरतं. म्हणून अमेरिकेतल्या अनेक मेक्सिकन हॉटेलांच्या काचेवर 'मेनुदो: शनिवार-रविवार' अशी पाटी दिसते. वजडी आवडीने खाणाऱ्या मराठी घरांना हा रस्सा परका वाटणार नाही.

बार्बाकोआचंही तसंच. मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यात मेंढीचं मांस मागेच्या (घायपाताच्या जातीतल्या झुडपाच्या) पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर ठेवतात. दक्षिण टेक्सासात खड्डा तोच, पण आत गाईचं डोकं. ब्राउन्सव्हिलमधल्या 'वेराज बॅकयार्ड बार-बी-क्यू'ने ही खड्ड्याची पद्धत टिकवली. त्यासाठी २०२० मध्ये त्यांना जेम्स बीअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' हा मानाचा पुरस्कार मिळाला. पिल्सेनमध्ये १९७५ पासूनचं 'कार्नितास उरुआपान' आहे. तिथे डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद शिजवून वजनावर विकतात आणि रविवारी रांग लागते.

घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी, एकच मोठं भांडं, आणि ते करायला लागणारी रात्र. ब्रंचच्या वेळेचं गणित यातून आलंय.

आता मुख्य गोष्ट: टॉर्टियात चुना कशाला?

वर आलेल्या जवळपास प्रत्येक पदार्थात किंवा त्याच्या बाजूला मक्याची टॉर्टिया आहे. आणि ती नुसतं मक्याचं पीठ भिजवून होत नाही. करून बघा. मक्याची भाकरी थापणाऱ्या कुणालाही माहीत आहे की कडा फाटतात. पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, हात हलका ठेवावा लागतो. मग मेक्सिकन बाई कागदासारखी पातळ, घडी घातली तरी न मोडणारी टॉर्टिया कशी करते?

चुन्यामुळे. तोच, पानाला लावतात तो. कोहळ्याचा पेठा कडक राहावा म्हणून ज्याच्या निवळीत भिजवतात तो. रसायनशास्त्रात कॅल्शियम हायड्रॉक्साइड.

सुका मका पाण्यात घालायचा, मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का चुना टाकायचा, शिजवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी दाण्यांची सालं सुटलेली असतात. चोळून धुवायचं आणि ओलंच दळायचं. त्या पिठाच्या गोळ्याला 'मासा' म्हणतात आणि चुन्यात शिजवलेल्या मक्याला 'निश्तमाल'. चुन्यामुळे दाण्याच्या सालीतले चिवट घटक विरघळतात आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. टॉर्टियाचा ओळखीचा, किंचित मातीसारखा वासही त्यातूनच येतो. ही पद्धत मेसोअमेरिकेत तीन हजारांहून अधिक वर्षं जुनी आहे.

पण चुना पिठाला चिकटपणा देऊन थांबत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व (बी-३) असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की आपल्या आतड्याला ते घेता येत नाही. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. शिवाय कॅल्शियम वाढतं आणि बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विषही बरंच कमी होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांना 'नायसिन' हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पीठ चांगलं मळलं जातं म्हणून केलं असेल, साल निघते म्हणून केलं असेल. पण समाज मक्यावर जगला आणि निरोगी राहिला.

युरोपने मका नेला, चुना विसरला

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. पीक भरपूर यायचं, स्वस्त होतं, गरिबांचं मुख्य अन्न झालं. पण शिजवायची पद्धत सोबत गेली नाही.

१७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने एका विचित्र रोगाचं वर्णन केलं. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लालसर चट्टे येतात, जुलाब होतात, मग माणूस भ्रमिष्ट होतो आणि मरतो. त्याच्या लक्षात आलं होतं की हे रुग्ण गरीब आहेत आणि मुख्यतः मक्यावर जगतात. पुढे इटलीत याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, असं नाव पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. कापसाच्या शेतांवर राबणारे गरीब गोरे आणि काळे मजूर मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यावर दिवस काढत होते. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं मेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. बहुतेक डॉक्टरांना खात्री होती की हा संसर्गजन्य रोग आहे.

सरकारने १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना रोग होतो, पण त्यांच्याबरोबर दिवसभर राहणाऱ्या नोकरांना होत नाही, हे त्यांनी पाहिलं. संसर्ग असता तर त्यांनाही झाला असता. फरक ताटाचा होता. दूध, अंडी, मांस दिल्यावर मुलं बरी झाली. लोकांचा तरी विश्वास बसेना, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांच्या पत्नी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. नेमका कुठला घटक कमी पडतो ते १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी दाखवलं: नायसिन. गोल्डबर्गर ते बघायला हयात नव्हते.

त्याच काळात, त्याच देशाच्या सीमेपलीकडे मेक्सिकोत लोक मक्यावरच जगत होते आणि तिथे पेलाग्राची अशी साथ नव्हती. उत्तर चुन्याच्या भांड्यात होतं.

यातला एक धागा आपल्याकडे येतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब माणसांतही पेलाग्रा दिसत असे. हैदराबादला संशोधन करणारे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर लिहिलं. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिनचं गणित बिघडतं, अशी त्यांची मांडणी होती, आणि तिच्यावर पुढे बरीच चर्चा झाली. घाबरून ज्वारीची भाकरी सोडू नका. प्रश्न फक्त भाकरी खाण्याचा होता. सोबत डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी असली की चित्र बदलतं.

मग आज टॉर्टिया सगळीकडे तशीच होते का?

नाही, आणि इथेच तुमच्या ब्रंचच्या ताटाची खरी परीक्षा आहे.

रोज रात्री मका भिजवायचा, पहाटे दळायचा, हे काम जड आहे. १९४९ मध्ये मेक्सिकोच्या नुएवो लिओन राज्यात ग्रुमा ही कंपनी सुरू झाली आणि तिने 'मासेका' हे चुन्यात प्रक्रिया केलेल्या मक्याचं सुकं पीठ बाजारात आणलं. पाणी घाला, मळा, झालं. याने लाखो बायकांची पहाटेची झोप वाचली, हे मान्य करायला हवं. चव मात्र सपाट झाली, अशी तक्रार तेव्हापासून चालूच आहे. आता अमेरिकेतली काही हॉटेलं उलट दिशेने निघाली आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेली 'मासिएंदा' ही कंपनी मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांकडून निळा, लाल, पांढरा असा देशी वाणांचा मका घेऊन अमेरिकेतल्या हॉटेलांना पुरवते. हॉटेलात टॉर्टिया निळसर दिसली तर बहुधा ती निळ्या मक्याची असते, रंग घातलेला नसतो.

पिठाचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत आईच्या शरीरात फोलिक आम्ल कमी असेल तर बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून अमेरिकेने १९९८ पासून गव्हाच्या प्रक्रिया केलेल्या पिठात फोलिक आम्ल घालणं सक्तीचं केलं. पाव खाणाऱ्या घरांना फायदा झाला. टॉर्टिया खाणाऱ्या घरांना झाला नाही, कारण मक्याचा मासा त्या नियमात नव्हताच. लॅटिनो मातांच्या बाळांमध्ये हे दोष इतरांपेक्षा जास्त दिसत राहिले. २०१६ मध्ये मक्याच्या पिठात फोलिक आम्ल घालायला परवानगी मिळाली, पण ती ऐच्छिक होती आणि फार थोड्या कंपन्यांनी मनावर घेतलं. शेवटी कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. म्हणजे कोण काय खातं याचा विचार न करता केलेला एक चांगला नियम पंचवीसहून जास्त वर्षं अर्धवटच राहिला होता.

मेक्सिकोत मक्यावरून राजकारणही तापतं. जनुकीय बदल केलेल्या मक्यावरचे निर्बंध व्यापार कराराच्या विरोधात आहेत, असा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या बाजूने लागला. त्यानंतर काही महिन्यांत, मार्च २०२५ मध्ये, मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवर थेट घटनेतच बंदी घातली. बाहेरून येणाऱ्या मक्याला मात्र ती लागू नाही.

ही हॉटेलं ज्या वस्तीत आहेत, तिचं काय चाललंय?

पिल्सेन हे नाव चेक लोकांनी दिलेलं, त्यांच्या प्ल्झेन शहरावरून. मेक्सिकन कुटुंबं इथे मोठ्या संख्येने आली ती १९५० आणि ६०च्या दशकांत. शेजारच्या भागात इलिनॉय विद्यापीठाचा नवा कॅम्पस बांधायला घेतला आणि तिथल्या वस्त्या उठवल्या गेल्या, हे त्यामागचं एक कारण. 'एल मिलाग्रो' ही टॉर्टिया कंपनी शिकागोत १९५० पासूनची. १९८७ मध्ये पिल्सेनमध्ये मेक्सिकन कलेचं संग्रहालय उघडलं. भिंतींवर म्युरल्स आली. मग भिंती बघायला पर्यटक आले, त्यांच्यामागून महाग कॅफे आले आणि भाडी वाढली. २०००नंतरच्या साधारण दीड दशकात दहा हजारांहून अधिक लॅटिनो रहिवासी पिल्सेन सोडून गेले. गिरणगावात काय झालं हे माहीत असणाऱ्याला पुढचं सांगायला नको.

थोडं पश्चिमेला लिटल व्हिलेज आहे, मेक्सिकन लोक त्याला 'ला वियीता' म्हणतात. तिथला २६वा रस्ता हा शिकागोतला मोठा मेक्सिकन बाजार. सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोत फेडरल इमिग्रेशन यंत्रणांची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा या रस्त्यावर शुकशुकाट झाला. कागदपत्रं असलेली माणसंही बाहेर जेवायला यायला घाबरत होती. रविवारचं मोठं भांडं भरवशावर चढवलेलं असतं. गिऱ्हाईक आलं नाही की वजडीचा रस्सा सोमवारपर्यंत ठेवता येत नाही.

त्याच वर्षी बर्ड फ्लूमुळे अंडी महागली होती. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनाचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला. ज्या हॉटेलाचा अर्धा मेन्यू 'वेवोस'ने सुरू होतो, त्याच्यासाठी हा आकडा लहान नव्हता.

जाणार असाल तर

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी, विशेषतः शाकाहारी आणि 'अंडं चालतं, बाकी नको' वाल्यांसाठी काही गोष्टी. मेक्सिकन घेवडा दिसायला शाकाहारी असतो, पण पारंपरिक पद्धतीत तो डुकराच्या चरबीत परततात. तिला 'मान्तेका' म्हणतात. वेटरला एवढंच विचारा: 'तिएने मान्तेका?' भातात आणि कधीकधी साल्सातही चिकनचं पाणी असतं, त्यासाठी 'काल्दो दे पोयो' हा शब्द लक्षात ठेवा. गव्हाच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. मक्याच्या टॉर्टियात सहसा नसते. निर्धास्त खायचं असेल तर नोपालेस बघा, म्हणजे काटे काढलेल्या निवडुंगाची भाजी. थोडीशी भेंडीसारखी बुळबुळीत, पण आंबट. भोपळ्याच्या फुलांचा किंवा पोब्लानो मिरचीच्या पट्ट्यांचा टाकोही छान लागतो, फक्त त्यांचं परतणं कशात होतं ते विचारून घ्या.

पिण्यासाठी मिमोसा कुठेही मिळतो. इथे 'काफे दे ओया' घ्या. मातीच्या भांड्यात दालचिनी आणि पिलोन्सियो घालून उकळलेली ही कॉफी असते, आणि पिलोन्सियो म्हणजे उसाच्या रसाची ढेप, थोडक्यात गूळ. थंडी असेल तर 'चांपुर्रादो', तोच मासा घालून दाट केलेलं चॉकलेट. गोड हवं असेल तर शिंपल्यासारख्या नक्षीचा 'कोंचा' पाव कॉफीत बुडवा. हे सगळे मेक्सिकन करतात, लाजू नका.

आणि चिलाकिलेस मागवण्याआधी एक साधी टॉर्टिया मागा. नुसती, मिठाबरोबर. ती घडी घालताना मोडली नाही, तव्यावरच्या डागांबरोबर मक्याचा वास आला, तर पुढचं ताट निर्धास्त मागवा. निघताना जवळच्या टॉर्टियाच्या दुकानातून एक गरम पुडका घेऊन घरी जा. त्या दिवशी खाऊन ज्या उरतील, त्या फ्रिजमध्ये न ठेवता ताटात पसरून उघड्यावर सुकू द्या. सोमवारी सकाळी साल्सा करायला फक्त टोमॅटो आणि मिरच्या लागतील.